'डेड मॅन वॉकिंग' (१९९५) : मृत्युदंड, कबुली आणि सिस्टर हेलन

निर्झरा

(शेवटासकट सगळं लिहिलं आहे. सिनेमा पाहायचा असेल तर आधी पाहून या, धागा कुठे जात नाही.)

मृत्युदंडाच्या विरोधात सिनेमा काढायचा तर एक सोपी वाट असते. कैदी निर्दोष दाखवायचा. प्रेक्षक आपोआप त्याच्या बाजूला येतो, शेवटी फोन वाजेल का म्हणून जीव मुठीत धरून बसतो, आणि घरी जाताना कुणाला फाशी द्यावी की नाही हा प्रश्न मनात शिल्लकच राहत नाही. दिग्दर्शक टिम रॉबिन्सने ही वाट धरली नाही. त्याचा मॅथ्यू पॉन्सलेट गुन्हेगार आहे. दोन कोवळ्या मुलांच्या खुनात त्याचा हात आहे, मुलीवर त्याने बलात्कार केला आहे. शिवाय तो खोटारडा आहे, वर्णद्वेषी आहे, टीव्हीवर मुलाखत देताना हिटलरचं कौतुक करतो. अशा माणसाजवळ बसायला सिस्टर हेलन जाते. तिच्या मागोमाग आपल्यालाही तिथे बसावं लागतं.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : हेलन प्रेजाँ ही खरीखुरी कॅथलिक नन, लुइझियाना राज्यातली. न्यू ऑर्लिन्समधल्या सेंट थॉमस या गरीब वस्तीत ती काम करत होती. १९८२ मध्ये कुणीतरी सुचवलं म्हणून तिने मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या एका कैद्याला पत्र लिहिलं. तिथून ती त्याची आध्यात्मिक मार्गदर्शक झाली आणि १९८४ मध्ये त्याला विजेच्या खुर्चीत बसवलं तेव्हा ती तिथे होती. त्याच वर्षी आणखी एका कैद्याच्या वेळीही होती. १९९३ मध्ये तिने या अनुभवांवर पुस्तक लिहिलं. सुझन सॅरंडनने ते वाचलं, तिला जाऊन भेटली आणि टिम रॉबिन्सच्या मागे लागून सिनेमा करायला लावला. मॅथ्यू हे पात्र त्या दोन कैद्यांना एकत्र करून घडवलेलं आहे. सॅरंडनला हेलनच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. मॅथ्यू झालेल्या शॉन पेनला नामांकनावर समाधान मानावं लागलं.

पण मला बोलायचंय ते मार्गदर्शनाबद्दल. हेलन मॅथ्यूला नेमकं काय देते? तुरुंगातल्या पाद्रीबाबांचं गणित सरळ आहे : मरण्याआधी संस्कार घे, आत्मा वाचव. मॅथ्यूलाही ते सोयीचं वाटतं. येशू माझ्यासाठी मेला, म्हणजे माझा हिशेब चुकता झाला, असं तो खुशाल म्हणतो. आणि हीच प्रेमळ, काहीशी भाबडी वाटणारी नन त्याला तिथे अडवते. ती सांगते की मुक्ती अशी फुकट वाटली जात नाही, तुला तुझा वाटा उचलावा लागेल, तू काय केलंस ते तुझ्या तोंडाने म्हणावं लागेल. तो तिच्याशी लघळपणा करायला जातो तेव्हा मृत्यू मानेशी आलाय आणि तुला हे खेळ सुचतायत म्हणून त्याला फटकारते. तो सगळं खापर साथीदारावर फोडतो, सरकारवर, काळ्या लोकांवर फोडतो. ती दर वेळी ऐकून घेते आणि दर वेळी फिरून तिथेच येते : त्या रात्री जंगलात काय झालं?

माझ्या मते या सिनेमात मृत्युदंडापेक्षाही मोठा विषय हा आहे, की एखाद्याची साथ न सोडता त्याच्या खोट्याला साथ न देणं कसं जमवायचं. आणि असं कुणीतरी मिळाल्याशिवाय माणूस खरं बोलू शकतो का.

तुम्हाला काय वाटतं?

तमसा

फार दिवसांनी या सिनेमावर कुणी लिहिलं. जाळीबद्दल लिहायला हवं होतंस! पहिल्या भेटीत दोघांमध्ये दाट जाळी आहे. कॅमेरा कधी जाळीवर स्थिरावतो तर कधी चेहऱ्यावर, त्यामुळे मॅथ्यू आपल्याला तुकड्यातुकड्यांत दिसतो. शेवटच्या दिवशी जाळीच्या जागी काच येते आणि काचेत हेलनच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब त्याच्या चेहऱ्याशेजारी, कधी त्याच्या चेहऱ्यावरच पडतं. रॉजर डीकिन्सचं छायाचित्रण आहे. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात, बाकी काही घडत नाही, अशा प्रसंगांवर अर्ध्याहून जास्त सिनेमा उभा आहे आणि तरी डोळा हलत नाही.

गोफण

सिनेमा उत्तम आहे, अभिनयाबद्दल वादच नाही. पण निर्झरा, तुम्ही जे म्हणताय त्याच्या नेमकं उलट मला त्यात दिसतं.

मॅथ्यू कबुली कधी देतो? अगदी शेवटी. सगळे अर्ज फेटाळले गेल्यावर, घड्याळ समोर असताना. तोपर्यंत तो निर्लज्जपणे खोटं बोलतोय, आईला खरं वाटावं म्हणून लाय डिटेक्टरची चाचणीसुद्धा मागून घेतो. मग त्याला खरं बोलायला कुणी लावलं, सिस्टरनी की ठरलेल्या वेळेने? उद्या त्याची शिक्षा जन्मठेपेवर आली असती तर तो आयुष्यभर साथीदाराच्या नावाने बोटं मोडत बसला असता. माझ्या मते हा सिनेमा दिग्दर्शकाच्या मनात नसताना मृत्युदंडाच्या बाजूने साक्ष देतो. मरण समोर दिसल्याशिवाय काही माणसं जागी होत नाहीत.

आणि दुसरं. ज्यांची मुलं गेली त्या आईबापांना काय मिळालं? एका माणसाची माफी आणि दुसऱ्या जोडप्याला एक वाक्य. तेही त्याला टेबलाला बांधल्यावर.

मुक्ताई

गोफण, मुद्दा बिनतोड वाटतो खरा, पण मॅथ्यूला शिक्षा ठोठावून वर्षं झालेली आहेत. मरण त्याला रोजच दिसत होतं. त्या सगळ्या काळात तो जागा झाला नाही, उलट अधिकाधिक कडू होत गेला. नवीन काय घडलं असेल तर ही बाई त्याच्या आयुष्यात आली.

गोफण

वर्षानुवर्षं लांब असलेलं मरण आणि आज मध्यरात्रीचं मरण यात फरक आहे हो.

संहिता

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालते, कारण सिनेमातले काही संवाद पटकन निसटून जातात.

मॅथ्यूचा साथीदार व्हिटेलो याला जन्मठेप झालेली आहे. गुन्हा एकच, दोघेही हजर, पण एकाकडे चांगला वकील होता. मॅथ्यूला मिळालेला वकील करांच्या कज्ज्यांतला, मृत्युदंडाचा खटला त्याने कधी चालवलेला नव्हता. दयेच्या अर्जाच्या सुनावणीत त्याचा आताचा वकील हिल्टन बार्बर (रॉबर्ट प्रॉस्की) हेच मांडतो की या कोठड्यांमध्ये श्रीमंत माणसं सापडणार नाहीत. खऱ्या प्रकरणातही असंच झालं होतं. पहिल्या कैद्याच्या खटल्यात दोघे सख्खे भाऊ आरोपी होते. एकाची शिक्षा अपिलात जन्मठेपेवर आली, दुसरा खुर्चीत गेला.

काळही लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तेव्हाची मृत्युदंडाची पद्धत मनमानी ठरवून थांबवली आणि १९७६ मध्ये सुधारित कायद्यांना परवानगी दिली. म्हणजे हेलन पहिल्यांदा आत गेली तेव्हा ही यंत्रणा नव्याने सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. तेव्हापासून तिथे १६०० हून जास्त जणांना मृत्युदंड दिला गेला आहे. आणि १९७३ पासून २०२४ पर्यंत, मृत्युदंडाची शिक्षा झालेल्यांपैकी दोनशे जण पुढे दोषमुक्त ठरून सुटले आहेत.

सिनेमात विषारी इंजेक्शन आहे, प्रत्यक्षात दोन्ही वेळा विजेची खुर्ची होती. लुइझियानाने १९९१ मध्ये पद्धत बदलली. मला हा बदल सिनेमासाठी फार योग्य वाटतो. खुर्ची दाखवली असती तर प्रेक्षक म्हणाला असता, बाप रे, किती रानटी, बरं झालं आता तसं करत नाहीत. इंजेक्शनमध्ये सगळं दवाखान्यासारखं स्वच्छ दिसतं. बार्बर सुनावणीत समजावून सांगतो की पहिलं औषध झोपवतं, दुसरं स्नायू निकामी करतं, तिसरं हृदय बंद पाडतं, आणि दुसऱ्या औषधामुळे आत काय चाललंय ते चेहऱ्यावर उमटत नाही. बघणाऱ्यांना त्रास होऊ नये अशी ती रचना आहे.

पारिजात

त्या यंत्राचा आवाज! एकेक दट्ट्या आपोआप खाली येतो, तिथे कुणाचा हात दिसत नाही.

पानगळ

इथे मी सहसा वाचनमात्र असते. गोफण यांचा दुसरा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या घरात एक खून झालेला आहे. माझा मावसभाऊ. तपशील लिहीत नाही. त्यामुळे हा सिनेमा मी दोन भागांत पाहिला, एका बैठकीत जमलं नाही.

खून झालेल्या मुलीच्या आईबापांच्या, पर्सी दांपत्याच्या घरातला प्रसंग आठवा. हेलन त्यांच्याकडे जाते. ते तिला बसवतात, मुलीबद्दल सांगतात, भरभरून सांगतात. मृतदेह ओळखायला घरातला दंतवैद्य गेला होता ते सांगतात. त्या पिशवीत हात घालेपर्यंत तो मृत्युदंडाच्या विरोधात होता, नंतर नाही. हे सगळं ते तिला का सांगतायत? कारण त्यांना वाटलंय की ही आता त्याला सोडून आपल्या बाजूला आली. आणि जेव्हा कळतं की ती अजून त्याचीच मार्गदर्शक आहे, फक्त यांचंही ऐकायला आली आहे, तेव्हा ते तिला घरातून बाहेर काढतात. दोन्हीकडे राहता येणार नाही म्हणतात.

मी त्या प्रसंगात संपूर्णपणे पर्सींच्या बाजूला होते. अजूनही आहे. आमच्याकडेही लोक यायचे, समजावणारे, क्षमेचं सांगणारे. त्यातल्या एकानेही आधी विचारलं नाही की तो कसा होता, काय आवडायचं त्याला. सगळ्यांना आमच्या रागाची काळजी. गेलेल्या मुलाबद्दल बोलायला कुणी तयार नसतं, कारण त्यांना अवघडल्यासारखं होतं.

म्हणून एक गोष्ट मी या सिनेमाची मानते. तो पर्सींना खलनायक करत नाही. सूड हवा असणारी माणसं म्हणजे दगडाच्या काळजाची, असं दाखवत नाही. आर. ली अर्मीने केलेला बाप रागीट आहे, कठोर आहे, आणि त्याच्या रागाच्या प्रत्येक शब्दाखाली ती मुलगी आहे. सीलिया वेस्टनने केलेली आई तर मला आमच्या मावशीसारखीच दिसली.

शिक्षा झाल्यावर मावशीला बरं वाटलं का? मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की निकालाच्या दिवशी तिने स्वयंपाक केला आणि कुणीच जेवलं नाही. यावरून कुणी कुठल्याही बाजूचा निष्कर्ष काढू नका, कृपा करून.

निर्झरा

पानगळ, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा मावसभाऊ कसा होता हे कधी लिहावंसं वाटलं तर इथे वाचायला आम्ही आहोत. विषयांतराची अजिबात काळजी करू नका.

पर्सींच्या बाबतीत हेलनचं चुकलंच, आणि खऱ्या हेलननेही ते पुस्तकात स्वच्छ कबूल केलं आहे. कैद्याकडे आधी गेले, ज्यांचं मूल गेलं त्यांच्याकडे जायला घाबरले, असं ती सांगते. पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये तिने खून झालेल्यांच्या नातेवाइकांसाठी एक आधारगट सुरू करण्यात पुढाकार घेतला तो त्या जाणिवेतूनच. सिनेमात मुलाचे वडील डेलाक्रॉय तिला पहिल्याच भेटीत विचारतात की मीही कॅथलिक आहे, मग त्याच्याजवळ बसलात आणि आमच्याकडे एकदाही कशा आला नाहीत? या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं. पटकथेने तिला तिथे वाचवलेलं नाही हे मला फार मोलाचं वाटतं. नायिका आहे म्हणून तिच्या भित्रेपणावर पांघरूण घातलेलं नाही.

दीपमाळ

डेलाक्रॉयचं घर आठवतं का? सगळीकडे सामान बांधून ठेवलेली खोकी. मुलाच्या मृत्यूनंतर नवराबायकोचा संसार मोडलाय, दोघांची दुःख करायची तऱ्हा वेगळी पडली. रेमंड बॅरीने हा माणूस अतिशय दबक्या आवाजात केला आहे. मला तर पेन आणि सॅरंडनइतकाच तो लक्षात राहिला.

पुस्तक वाचलेल्यांना आठवेल, ज्या बापावरून हे पात्र बेतलंय तो खऱ्या आयुष्यात याहून वेगळा होता. मुलाचा मृतदेह ओळखायला गेला तेव्हा गुडघे टेकून त्याने प्रभूची प्रार्थना म्हटली, आणि आम्हीही क्षमा करतो या ओळीशी आल्यावर ज्याने कुणी हे केलं त्याला क्षमा करतो असं म्हणाला. त्याला मृत्युदंडही नको होता, जन्मठेपेवर तो थांबला असता. मात्र ही क्षमा एकदा म्हटली आणि झाली असं नव्हतं, तिच्यासाठी रोज झगडावं लागत होतं, असंही पुस्तकात येतं. रॉबिन्सने सिनेमातला बाप मुद्दाम अधिक कडवट ठेवला. सिनेमाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. क्षमा करून मोकळा झालेला बाप पडद्यावर आला असता तर पर्सी पतिपत्नी त्याच्यासमोर लहान दिसली असती.

स्वरगंध

संगीताबद्दल कुणीच बोललं नाही! नुसरत फतेह अली खान आणि एडी वेडर यांनी एकत्र गायलेली दोन गाणी या सिनेमात आहेत. लुइझियानातली नन, तिथलाच तुरुंग, आणि पार्श्वभूमीला नुसरतसाहेबांची आलापी. ऐकायच्या आधी मला वाटलं होतं की हे उपरं वाटेल. पण तो आवाज कुठल्याही एका धर्माचा राहत नाही, नुसती आळवणी होऊन जातो. टिमचा भाऊ डेव्हिड रॉबिन्स याने सिनेमाचं संगीत केलंय. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं शीर्षकगीतही आहे, त्याला ऑस्कर नामांकन होतं.

अवांतर : याच पुस्तकावर जेक हेगी यांनी ऑपेरा केला आहे. २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिला प्रयोग झाला आणि २०२३ मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने हंगामाची सुरुवातच त्याने केली. त्यात गुन्हा अगदी सुरुवातीलाच रंगमंचावर घडताना दाखवतात, त्यामुळे त्याने केलं की नाही ही उत्सुकता राहतच नाही. सिनेमा मात्र ते शेवटपर्यंत राखून ठेवतो.

तमसा

स्वरगंध, हा फरक फार महत्त्वाचा आहे. सिनेमात गुन्ह्याची दृश्यं मधूनमधून येतात, पण ती मॅथ्यू जे सांगेल तशी बदलत जातात. तो खोटं बोलतो तेव्हा आपणही ते खोटंच पाहतो. खरं दृश्य येतं ते थेट शेवटी, इंजेक्शन चालू असताना. एकीकडे बांधलेला माणूस, दुसरीकडे जंगलातली ती दोन मुलं, आळीपाळीने. त्याची दया यायला लागली की लगेच मुलगी दिसते. मुलीसाठी संताप उसळला की पुन्हा टेबल दिसतं. दोन्हींपैकी एकाकडे पाठ फिरवायची सोय दिग्दर्शकाने ठेवलेली नाही.

गोफण

हे मात्र मान्य. गुन्हा लपवलेला नाही, आणि त्या क्षणी लपवलेला नाही, यासाठी दिग्दर्शकाला मानलं.

टेबल उभं करतात तो भाग मला खटकतो. हात पसरलेला माणूस, म्हणजे सरळसरळ क्रूसावरची आकृती. एका बलात्काऱ्याला त्या जागी उभं करायचं? पानगळ यांच्या मावशींनी हे पाहिलं तर त्यांना काय वाटेल?

मुक्ताई

ख्रिस्ताच्या दोन्ही बाजूंना चोर होते, गोफण. त्यातल्या एकाने शेवटच्या घटकेला आपला गुन्हा कबूल केला. मला ती आकृती तिथली वाटते.

गोफण

असा विचार केला नव्हता. पुन्हा पाहीन तेव्हा त्या अंगाने बघतो.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलं आहे. कबुली कशामुळे होते यावर वर जो वाद झाला त्याबद्दल मला जे दिसत आलंय ते सांगते.

मरण जवळ आलं की माणसं आपोआप खरं बोलतात हा समज आहे. तसं होत नाही. पुष्कळ जण आयुष्यभराचं सोंग तसंच पांघरून जातात. भीतीने माणूस आक्रसतो. पोरांशी भांडलेला बाप शेवटच्या दिवशीही माझंच बरोबर होतं म्हणत जातो. ज्यांच्या तोंडून काही बाहेर पडतं, त्यांच्याजवळ बहुतेक वेळा एखादं असं माणूस बसलेलं असतं, ज्याला त्यांच्याकडून काही नको असतं आणि जे ऐकून उठून जाणार नाही याची त्यांना खात्री पटलेली असते. ही खात्री पटायला वेळ लागतो. हेलन पहिल्या भेटीतच गुन्ह्याचं विचारते. तो उत्तर देत नाही, कारण तो तिला पारखतोय. तो मुद्दाम घाणेरडं बोलून बघतो, टीव्हीवर अभद्र बरळतो, ही जाते का ते बघतो. ती चिडते, पण पुन्हा येते.

आणि शेवटच्या दिवशी आईची भेट होते तो प्रसंग बघा. आई आणि भाऊ आलेत, सगळे इकडच्या तिकडच्या गप्पा मारतायत, मध्येच कुणी हसतं, मग सगळे गप्प. मरणाचा विषय कुणीच काढत नाही. वेळ संपते, आई मिठी मारायला पुढे होते आणि पहारेकरी तिला थांबवतात. सुरक्षेचा नियम. मी त्या जागी सिनेमा थांबवून उठले होते. आमच्याकडे कितीही नळ्या लावलेल्या असल्या तरी आईला कुणी अडवत नाही.

तो आईसमोर खरं बोलू शकला नाही. तिच्यावर त्याचा जीव होता, म्हणूनच बोलू शकला नाही. जे बोलला ते हेलनशी.

निर्झरा

रात्रपाळी, मला जे नीट मांडता आलं नव्हतं ते तुम्ही मांडलंत. ती पुन्हा येते, एवढंच.

कबुलीचा प्रसंग मी काल परत पाहिला. पेनचा चेहरा बघा. केसांचा तो फुगा, ती दाढी, सगळी मिजास तशीच आहे, पण डोळ्यांतलं नाटक गेलंय. मुलाला आपण मारलं, मुलीवर बलात्कार केला, तिला मात्र आपण मारलं नाही, हे तो सांगतो. दोघांच्या मृत्यूची जबाबदारी घेतोस का, असं हेलन विचारते, आणि तो हो म्हणतो. मग ती त्याला देवाचा लेक म्हणते. आजवर मला असं कुणी म्हटलं नव्हतं, असं तो म्हणतो आणि रडता रडता हसतो. हे शब्द तिने पहिल्याच दिवशी म्हटले असते तर फुकट गेले असते. त्याने खरं सांगेपर्यंत ती थांबली.

संहिता

स्पर्शाचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाची गोष्ट. शेवटच्या चालीत हेलन त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागून चालते, बायबल वाचत. त्यासाठीही आधी परवानगी विचारावी लागते. देहदंडाच्या खोलीच्या दाराशी त्यांना वेगळं करतात, आणि पुढे ती काचेपलीकडे साक्षीदारांत बसून नुसता हात लांब करते.

हा नियम कुठवर ताणायचा यावर अमेरिकेत अगदी अलीकडेपर्यंत न्यायालयात भांडणं झाली आहेत. २०१९ मध्ये अलाबामात एका मुस्लिम कैद्याला इमाम खोलीत हवे होते. तुरुंगाच्या नोकरीतला ख्रिस्ती पाद्री आत चालत होता, बाहेरचे इमाम नाही. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी राज्याच्या बाजूने कौल दिला. महिना-दीड महिन्यात टेक्ससमधल्या एका बौद्ध कैद्याचं तसंच प्रकरण आलं तेव्हा त्याच न्यायालयाने शिक्षेला स्थगिती दिली. त्यावर टेक्ससने काय करावं? सगळ्याच धर्मांच्या मार्गदर्शकांना खोलीत बंदी केली! शेवटी मार्च २०२२ मध्ये टेक्ससमधल्याच आणखी एका कैद्याच्या प्रकरणात आठ विरुद्ध एक असा निकाल आला, त्याच्या पाद्रीला खोलीत त्याच्या अंगावर हात ठेवायची आणि मोठ्याने प्रार्थना करायची मुभा मिळाली. त्या ऑक्टोबरमध्ये त्याला इंजेक्शन दिलं तेव्हा पाद्रीचा हात त्याच्या छातीवर होता.

आणि लुइझियाना. तिथे २०१० नंतर पंधरा वर्षं मृत्युदंड अमलात आलेला नव्हता. मार्च २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला, सिनेमात आहे त्याच अँगोलाच्या तुरुंगात, या वेळी नायट्रोजन वायूने. तो कैदी बौद्ध होता. मरताना श्वासावर ध्यान लावणं हा माझ्या धर्माचरणाचा भाग आहे आणि मुखवट्यातून नायट्रोजन देऊन तुम्ही तेच हिरावून घेताय, असा त्याचा अर्ज होता. पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला गेला. न्यायमूर्ती गॉरसच हे एरवी पुराणमतवादी गटातले, तेही या धार्मिक मुद्द्यावर त्याच्या बाजूने उभे राहिले.

दीपमाळ

बाप रे. श्वासाचं हे माहीत नव्हतं.

अँगोलाबद्दल एक : त्या तुरुंगाची जमीन १८,००० एकर आहे आणि गुलामगिरीच्या काळात तिथे मळे होते. तीन बाजूंनी मिसिसिपी नदी. मैदानात काळे कैदी कुदळी घेऊन काम करतायत आणि घोड्यावर बंदूकधारी पहारेकरी, हे जुन्या काळातलं चित्र वाटावं, पण ते १९९० च्या दशकातलं आहे. सिनेमा या बाजूवर फारसा थांबत नाही. मुख्य कैदी गोरा घेतल्यामुळे वंशाचा प्रश्न कडेला राहतो. मला ही या सिनेमाची सर्वांत मोठी उणीव वाटते. सेंट थॉमसमधले हेलनचे काळे शेजारी मॅथ्यूची टीव्हीवरची मुक्ताफळं ऐकून दुखावतात, तो धागा थोडक्यात उरकलाय. त्यांच्यासाठी काम करायला आलेली बाई त्यांचा द्वेष करणाऱ्याच्या मागे धावते, हा एक वेगळा सिनेमा झाला असता.

मुक्ताई

दीपमाळ, सहमत. या उणिवेवर मलाही उत्तर सापडलेलं नाही.

चर्चच्या भूमिकेबद्दल : सिनेमा आला तेव्हा कॅथलिक चर्च मृत्युदंडाला पूर्ण नाही म्हणत नव्हतं. अगदी अपवादात्मक परिस्थितीत चालेल, अशी पळवाट होती. हेलनने त्याबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांना पत्रही लिहिलं होतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात बदल करून मृत्युदंड कुठल्याही परिस्थितीत स्वीकारार्ह नाही असं लिहिलं. सिनेमातल्या पाद्रीबाबांना हेलन उद्धट वाटते, नन असून साधे कपडे घालते म्हणून तिला टोकतात. तेवीस वर्षांनी चर्च तिच्या जागी येऊन पोचलं.

पानगळ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. रात्रपाळी, आईच्या मिठीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. आमच्या बाजूने बघताना त्याच्या आईकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तिने कुणाला मारलेलं नाही.

मुक्ताई, गोफण, तुमच्या वादात मी कुठे ते मलाच सांगता येत नाही. ज्याने आमच्याकडे केलं त्याने कधी तोंड उघडलं नाही. त्याला जन्मठेप झाली आहे. शेवटच्या क्षणी काय झालं, भाऊ काही बोलला का, घाबरला होता का, हे फक्त त्याला माहीत आहे आणि तो सांगत नाही. मावशीला त्याच्या मरणापेक्षा ते हवंय असं मला कधी कधी वाटतं. कुणी हेलन त्याच्याकडे जाऊन बसत असेल तर बसू दे, माझी हरकत नाही. पण तिने जे ऐकलं ते आमच्याकडे येऊन सांगितलं पाहिजे.

गोफण

पानगळ, तुमच्यापुढे माझ्या युक्तिवादाला अर्थ नाही. मृत्युदंडाबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, काही गुन्ह्यांना दुसरी शिक्षा मला सुचत नाही. पण वेळ ठरल्यामुळेच तो खरं बोलला, हे जे मी ठामपणे लिहिलं होतं ते रात्रपाळी यांच्या प्रतिसादानंतर तेवढ्या ठामपणे म्हणणार नाही.

एक विचारायचं होतं. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, शाळेत त्यांना मृत्युदंडावर वादविवाद आहे. त्याला हा सिनेमा दाखवावा का?

निर्झरा

अमेरिकेत याला आर प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच पाहायचा. बलात्कार आणि खुनाची दृश्यं तुकड्यांत आहेत, अंगावर येतात, आणि शेवटच्या वीस मिनिटांत ती टाळून पुढे जाता येत नाही कारण सिनेमाचा सगळा अर्थच तिथे आहे. माझ्या मते दाखवा, पण शेजारी बसून. आणि त्याला वादविवादात कुठली बाजू मिळाली आहे ते आधी विचारू नका, पाहून झाल्यावर विचारा.

गोफण

शनिवारी बसतो दोघं. कसं झालं ते इथेच लिहीन.